सहावा रकाना

वेसवीच्या शाळेत मी एकोणीस वर्षं कारकून.
दहावीच्या गुणपत्रिकांचा गठ्ठा
माझ्याच टेबलावर येतो, सुतळीसकट.
सुतळी मी जपून ठेवतो.
कशाला, ते विचारू नका.

यंदा एक्केचाळीस मुलं. चाळीस जणांचं सरळ.
उरली सुमय्या होडेकर :
पाच विषय भरलेले, सहावा कोरा.
परकीय भाषा, अरबी, आणि पुढे नुसती रेघ,
होडी वर ओढून नेल्यावर वाळूत राहते तशी.

"टक्के पाचांवरच निघतात गं," मी म्हटलं,
"एक्क्याऐंशी पॉइंट वीस. दापोलीला सायन्स कुठे गेलं नाही.
सहावा हवाय कशाला?"
ती म्हणाली, "हवा."
मागे तिची आई, हातांना सुकटीचा वास,
अंगणातली वाळवण तशीच टाकून आलेली,
खिडकीतून सारखी कावळ्यांकडे बघत होती.

म्हणून मग बोर्डाला अर्ज.
विषय : गुण समाविष्ट करणेबाबत.
महोदय, सदर विद्यार्थिनीचे बाकी राहिलेले गुण
हिशोबात धरावेत, तो तिचा हक्क आहे,
दाखला देण्याची तारीख जवळ आली आहे...
सुमय्याने वाचलं, पेन्सिल मागितली,
आणि अर्ज, बाकी, हिशोब, हक्क, दाखला, तारीख,
एकेकाखाली बारीक टिंब देत गेली.
"हे आमच्या पुस्तकातले, भाऊसाहेब."
मी चष्मा काढून पुसला.
एकोणीस वर्षं परकीय भाषेत नोकरी केली
आणि भत्ता एक रुपया नाही!

अकरा दिवसांनी उत्तर आलं.
तोवर खाडीतल्या होड्या शाकारून झाल्या होत्या,
फणसांनी ऑफिसपर्यंत वास आणला होता.
अठ्ठावन्न.
गणितात शहाऐंशी, इतिहासातसुद्धा एकोणऐंशी,
आणि जिच्यासाठी एवढा आटापिटा, तिच्यात अठ्ठावन्न.
मला वाटलं, आता रडणार.

"द्विवचनात गेले," ती म्हणाली.
"दोघांसाठी तिथे क्रियापदच वेगळं.
दोघं आले, दोघं जेवले, दोघं भांडले.
आमच्याकडे अब्बा आणि आई
दोन वर्षांतून चाळीस दिवस दोघं असतात.
सराव कुठून होणार?"
"गप गं," आई म्हणाली,
पण कावळ्यांकडे बघायची थांबली.

मग आईनेच सांगितलं.
फेब्रुवारीत, ऐन परीक्षेच्या तोंडावर,
सलालाहून फोन. कँपच्या भिंतीला कागद डकवलेला,
सतरा माणसं खाली उभी, कुणालाच वाचता येईना.
अब्बांनी मोबाइल कागदासमोर धरला
आणि ही इकडे, पडवीच्या तिसऱ्या पायरीवर
(रेंज तिथेच येते),
अक्षराला अक्षर लावत बसली.
थकलेल्या पगारासाठी सहा तारखेच्या आत नावं द्या.
एका शब्दावर अडली, पुस्तक आणायला आत धावली,
तेवढ्यात फोन कट.
पुन्हा लागला, तेव्हा तिकडे कुणी हललं नव्हतं.

"मग? मिळाले पैसे?"
"चौदांना मिळाले."
तिने अब्बांचं नाव त्या चौदांत घेतलं नाही,
मीही पुढे विचारलं नाही.

टक्के मी बदलले नाहीत, बदलतही नसतात.
पण शाळेच्या दाखल्यावर शेऱ्याची जागा असते,
तिथे दरवर्षी 'वर्तणूक चांगली' लिहितो.
त्याच्या पुढे लिहिलं : अरबी, अठ्ठावन्न,
आणि शिक्का असा मारला
की आकडा झाकला जाणार नाही.

तिने फोटो काढून पाठवला.
एक खूण उमटली. बराच वेळ एकच.
तिकडे ड्यूटी असेल, नाहीतर चार्जिंग.
पलीकडे जंगलजेटीने दोनदा भोंगा दिला, गेली.
माझ्या दारातल्या बाकावर
मायलेकी बसून होत्या.

दोघी बसल्या.
याला अरबीत काय म्हणतात,
विचारायचं राहून गेलं.