सातात दहा

कर्टिस गेला, त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात
सासरे म्हणाले, "ट्वायला, जॅक धर."
एवढंच. ट्वेट घराण्यात
वाक्यात तीन शब्द म्हणजे उधळपट्टी.

पिकअप चौसष्ट सालचा, कधीकाळी हिरवा.
सहा सिलिंडर एका रांगेत,
आणि खाली दोनच गिअरांचा ऑटोमॅटिक:
एक निघायला, एक पोचायला.
मधलं काही नाही.
जॉर्डनहून माइल्स सिटी चौऱ्याऐंशी मैल,
पंचावन्नला इंजिन असं किंचाळायचं
की बोलायचं तर ओरडावं लागे,
आणि आमच्याकडे जे होतं
ते ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.

ग्लेंडाइव्हच्या भंगारात एक कॅप्रिस सापडली,
पोटात चार गिअरांची पेटी.
चौथा म्हणजे ओव्हरड्राइव्ह.
मी समजावलं: मागचा शाफ्ट दहा वेळा फिरतो,
तेवढ्यात इंजिन फक्त सात.
"सातात दहा?" ऑर्व्हल म्हणाले,
"मग वरचे तीन कोण भरतं?"
उताणे पडून, तोंडात बोल्ट धरून
ते बराच वेळ हा हिशेब करत राहिले.

नवी पेटी तीन इंच लांब.
तीन इंच शाफ्ट कापून आणला.
खालचा आडवा पाट बसेना,
तो जुन्या कुळवाच्या लोखंडातून घडवला.
सगळं जमलं. चुकली फक्त एक केबल,
कार्ब्युरेटरपासून पेटीपर्यंत जाणारी,
पायाचा दाब आत कळवणारी.
गव्हाच्या दाण्याएवढी सैल राहिली.
चाळिसाव्या मैलावर जळका वास आला,
आणि आमचं चोकचेरीच्या पाकासारखं लाल तेल
काळं होऊन बर्फावर सांडलं.

ट्रॅक्टरने ओढत घरी.
कोणी कोणाला दोष दिला नाही.
(कर्टिसच्या वेळीही नव्हता दिला.
अळीमिळी गुपचिळी, दोन वर्षं.)

दुसरी पेटी मार्चमध्ये.
या वेळी केबल मी बसवली,
श्वास रोखून, तीनदा मोजून.
दांड्याजवळच्या जुन्या पट्टीवर
चौथ्यासाठी अक्षरच नव्हतं.
मी आत जाऊन नेलपॉलिश आणलं,
लग्नातलं, तळाशी घट्ट झालेलं,
आणि काटा जिथे थांबतो तिथे
एक लाल ठिपका दिला.
ऑर्व्हलनी चष्मा वर करून तो पाहिला.
"दिसतो," म्हणाले.

मग रस्ता. पहिला, दुसरा, तिसरा,
पंचेचाळिसाच्या पुढे एक हलका झोल,
जिन्याची एक पायरी कमी निघावी तसा,
आणि इंजिन एकदम खाली बसलं.
मला वाटलं, बंद पडलं.
पण कुंपणाचे खांब मागे पळत होते.
ऐकू येऊ लागलं नको नको ते:
काचेच्या फटीतला वारा,
दाराच्या आत कधीपासून घरंगळणारा एक नट,
सासऱ्यांचा श्वास, थोडा घरघरता.

सात मैल गेले.
"त्याचा फोन येतो?"
साध्या आवाजात. ओरडावं न लागता.
"नाताळात आला होता."
"कुठून?"
"विलिस्टन. तिथे तिचं घर आहे."
तिचं, हा शब्द आमच्या मधल्या सीटवर
कुत्र्यासारखा येऊन बसला.

ऑर्व्हलनी पुढे पाहिलं.
मग हात उचलून दांडा
लाल ठिपक्यावरून खाली ओढला.
इंजिन किंचाळलं. ओळखीचं, जुनं.
चार मैल आम्ही त्या आवाजात
तोंडं झाकून घेतल्यासारखे बसलो.
पेट्रोल गेलं तेवढं गेलं.
मी खिडकीबाहेर पाहत होते.
ते काय करत होते, पाहिलं नाही.

सँड स्प्रिंग्जच्या अलीकडे
दांडा पुन्हा वर गेला, ठिपक्यावर.
झोल. शांतता. नट.

"मला नाही केला त्याने," ते म्हणाले.
थोड्या वेळाने: "तू राहशील?"

आणि मी अजून काही बोलले नव्हते
तेवढ्यात:
"केबल छान बसवलीस."
तीनच शब्द.