खटका

खेतवाडीच्या अकराव्या गल्लीत आमच्या जिन्याला
एकच बल्ब आणि दोन खटके.
एक तळाशी, मीटरच्या पेटीखाली,
एक वर, ओगलेशास्त्र्यांच्या दाराला लागून.
याकूब परकारनं बसवले, मी दुसरीत असताना.
ओठांत स्क्रू धरून म्हणाला,
"बघ पोरी, दोघांचा खटका उडाला की उजेड.
दोघांचं एकमत झालं की अंधार."

मी शुद्धलेखनाच्या वहीत मागच्या पानावर लिहिलं:
वर-वर, अंधार.
वर-खाली, उजेड.
चौथ्या ओळीनंतर लिहायला काही उरलंच नाही.
एवढंच जग, आणि ते पुरं झालेलं.
असा आनंद पुढे कुठल्याच परीक्षेनं दिला नाही.

शास्त्रीबुवा दार किलकिलं करून ऐकत होते.
त्यांच्याकडे न्याय शिकायला
दोन मुलं यायची, मग एक, मग तोही फक्त रविवारी.
पर्वतावर धूर आहे, म्हणून पर्वतावर आग आहे,
जसं स्वयंपाकघर.
आणि आत काकूंचा स्टोव्ह भडकून साक्ष द्यायचा.
"उलटं मात्र धावू नकोस," ते मला सांगत.
"आग आहे म्हणून धूर असेलच असं नाही.
लोहाराचा तापलेला गोळा बघ,
लालभडक, आणि धुराचा पत्ता नाही."
सगळी माणसं मर्त्य आहेत, हे वाक्य
त्यांनी ग्रीकांचं म्हणून लांब ठेवलं
आणि एका मंगळवारी दुपारी सिद्ध केलं.

कॉलेजात कळलं,
कुणा जोडे शिवणाऱ्याच्या मुलानं
खऱ्याला एक म्हटलं, खोट्याला शून्य,
आणि वादाची बेरीज मांडली, गुणाकार मांडला.
ऐंशी-नव्वद वर्षं ती बेरीज नुसती पडून.
मग एका पोरसवदा विद्यार्थ्याला
टेलिफोनच्या खटक्यांत तीच अक्षरं दिसली.
मागच्या बाकावरून ओरडणार होते,
सर, आमच्या जिन्यात आहे ते,
याकूबमियाँनी चाळीस रुपयांत केलंय.
ओरडले नाही.
वर्गात मुली तीनच होतो.

आता चांदिवलीला, खिडक्या नसलेल्या इमारतीत
माझी रात्रपाळी.
नखाएवढ्या जागेत अब्जावधी खटके
अखंड एकमेकांशी भांडतात, आणि त्यातून
कुणाचा पगार निघतो, कुणाचं तिकीट,
कुणी रात्री दोनला विचारलेलं
"छातीत डावीकडे दुखतं".
गरम वारा पोटऱ्यांना लागतो.
धूर नाही.
शास्त्रीबुवा, सापडला तुमचा गोळा.

खंडेनवमीला, पहाटे तीनच्या सुमारास,
रखवालदार विश्राम गावकरनं रॅकला झेंडू वाहिला,
जाळीला हळदकुंकू लावलं, आणि एक उदबत्ती.
छतातल्या डोळ्यानं अनुमान केलं.
भोंगे, लाल दिवे, दारं आपोआप बंद.
"पूजा ह्येचीच, आणि बोंब मारता तो पण ह्योच!"
विश्राम कान झाकून म्हणाला.
पण चुकला कुठे तो?
धूर होता. उदबत्तीच्या टोकाला आगही होती.
हेतू निर्दोष.

अहवालात रकाना होता:
आग लागली होती काय? हो. नाही.
तिसरं काही नव्हतं.
कर्सर लुकलुकत राहिला,
आहे, नाही, आहे, नाही,
आणि मी झेंडूची एक पाकळी
कीबोर्डच्या फटीतून काढत बसले.
शेवटी 'नाही' दाबलं. घरी जायचं होतं.

साडेपाचला गल्लीत आले. जिना काळोखा.
तळाचा खटका दाबला. काही नाही.
त्याच क्षणी वरही कुठे तरी, टक्.
"बल्ब गेला वाटतं," मी म्हणाले.
"बल्ब गेला," वरून कुणीतरी म्हणालं.
आणि आम्ही दोघं, एकमतानं,
कठडा चाचपत निघालो,
एक वर,
एक खाली.