नजरचुकीने

वकीलबाईंनी टाइप करून दिलेला अर्ज
मी आधी प्रुफासारखा वाचला.
सवय. तांबडं पेन खिशातच असतं.
'अर्जदार हा नादार असून' – इथं चूक नव्हती.
खाली 'धनको' आणि 'ऋणको' यांची अदलाबदल झालेली,
एका पानापुरता मी सगळ्यांचा धनको होतो.
बाण काढून दोघांना आपापल्या जागी नेलं.

'नाद खुळा' म्हणणाऱ्या गावात
नादार.
पहिली दोन अक्षरं सारखी, पुढं रस्ता वेगळा.

एकतीस वर्षं या गावाची लग्नं छापली.
आधी खिळे जुळवून, मग कर्ज काढून आणलेल्या ऑफसेटवर.
मशीनचे हप्ते अजून अंगाला लागत होते तोवर
लोक आमंत्रणं फोनवरूनच धाडायला लागले,
हलणारा गणपती, सनईसकट, फुकट.
मलाही आलं एक. शुभेच्छा कळवल्या.

"यादी करा," बाई म्हणाल्या. "नाव, पत्ता, रक्कम.
एकही नाव सुटता कामा नये.
नाव सुटलं, तर ते देणं सुटत नाही."

याद्या मला नवीन नाहीत.
संध्याकाळी गंगावेशीत म्हशी पिळायला उभ्या राहायच्या
त्या वेळेला दुकानात वधूपिते वह्या काढून बसायचे.
अमका मामा आधी का तमका काका,
यावरनं चहा गार व्हायचा.
आता मी बसलोय, उरलेल्या पत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर.

हस्तीमलशेठ, कागदवाले, शाहूपुरी : दोन लाख साठ हजार.
त्यांच्या तिन्ही मुलींच्या पत्रिका माझ्याच हातच्या, सोनेरी कडेच्या.
पतसंस्था : आकडा त्यांनीच शिक्का मारून दिलाय.
इचलकरंजीचा शाईवाला.
मेव्हणा. "त्याला नका लिहू," हेमलता म्हणाली.
लिहिला. हाताच्या सवयीनं आधी 'चि.' लागलं,
ते खोडलं.

दुसरी यादी छोटी. काय काय आपल्याकडं राहतं त्याची.
अंगावरचे कपडे, अंथरूण, स्वयंपाकाची भांडी.
हेमलता फळीसमोर कमरेवर हात ठेवून उभी.
"पुरणयंत्र भांड्यांत धरायचं का?"
दोघंही हसलो, हवं त्यापेक्षा जरा जास्त वेळ.
कारागिराची हत्यारं राहतात म्हणे.
ऑफसेट जाईल. खिळे उचलायचा चिमटा राहील,
आणि एक खण, ज्यात नुसते 'श्री' आहेत.
ते कोण नेणार?

राहिला दस्तगीर.
एकवीस वर्षं मशीनवर. सात महिन्यांचा पगार,
आणि ते साठ हजार, पोराच्या गाडीसाठी साठवलेले,
जे त्यानं एका सोमवारी पेपरात गुंडाळून
काउंटरवर ठेवले, आणि रोलर पुसायला गेला.
काल आला होता. चहा घेतला. बशी पालथी घातली.
"मालक, त्यात माझं नाव घालू नगासा.
कोर्टात तुमच्यासमोर हुबं ऱ्हायाचं मला न्हाई जमायचं."

तो सोडून देतोय असं त्याला वाटतं.

प्रतिज्ञापत्रात ओळ आहे :
वरील यादी पूर्ण व खरी आहे.
तिच्यावर पेन टेकवून बसलो.
किती हजार पत्रिकांच्या तळाशी मी छापलंय,
नजरचुकीने निमंत्रण राहून गेल्यास
हेच निमंत्रण समजावे.
ही नजरचूक नाही, दस्तगीर.
बाकीची देणी कोर्ट मिटवेल तेव्हा मिटवेल.
तुझं मिटलेलं मला चालणार नाही.

उद्या साडेदहाला कसबा बावडा. तीन प्रती.
हेमलता विचारते, इस्त्रीचा शर्ट घालणार का,
का बरं दिसणार नाही ते?
मी यादी पुन्हा एकदा नजरेखालून घालतो.
चौदा नंबरनंतर एक ओळ कोरी सोडली आहे.
बघणाऱ्याला वाटेल, मांडणी आहे.