पागुमे सहा

माझ्या भाषेत तेरावा महिना
येतो तो दुष्काळातच.
देब्रे ताबोरला तो येतो पाऊस ओसरताना,
उतारावर पिवळी फुलं फुटायच्या जरा आधी,
पाच दिवसांचा, खिशात मावेल एवढा.
तीन तारखेला पोरं उघडीनागडी भिजतात,
त्या दिवसाचं पाणी पवित्र म्हणून.
आणि चौथ्या वर्षी, लूकाच्या वर्षी,
तो आणखी एक दिवस मागून घेतो.

अस्कालेचला कळा लागल्या त्या सहाव्या दिवशी.
मुलगी झाली. तीन किलोला थोडी कमी.
नर्स वोर्कितूनं हात पुसले, संगणकापाशी बसली :
वर्ष २०१५, महिना तेरावा, दिवस सहा.
लाल अक्षरं. अशी तारीख नाही.
पुन्हा टाकली.
अशी तारीख नाही.

पाच लिहिलं तर चालत होतं.
नव्या वर्षाची एक लिहिली तरी चालत होतं.
"सणाच्या दिवशीची मुलगी, चांगलंच की," वोर्कितू म्हणाली.
अस्कालेच पडल्यापडल्या :
"काल मी डोंगर उतरत होते.
उद्या माझ्या घरी कॉफी भाजतील.
ही झाली ती आज."

तक्रार गेली अदिसला, सातव्या मजल्यावर,
बिस्रातच्या रांगेत, एकशे बारावी.
त्यानं जुना कोड उघडला.
कुणीतरी, नोकरी सोडून गेलेल्यानं, लिहिलं होतं :
चारनं भाग गेला तर सहा, नाहीतर पाच.
शाळेत घोटलेला नियम, परक्या फेब्रुवारीचा.
इथे भाग जायचा नसतो.
इथे बाकी तीन उरावी लागते.
पाव पाव दिवस साठत साठत हातचा एक येतो,
चर्चमधले म्हातारे तो पेरांवर मोजतात,
आणि यंत्र मोजत होतं एक वर्ष उशिरा.

खणताना आणखी एक सापडलं :
२०१२ च्या पागुमेत एक सहावा दिवस,
कधीच न उगवलेला.
त्या दिवशी तीन बाळांना लस टोचलेली
आणि एक म्हातारा वारलेला.
बिस्रात बराच वेळ त्या म्हाताऱ्यापाशी थांबला.
कुठे नेऊन ठेवायचं याला?
नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी, सणाच्या ताटांत?
शेवटी ठेवलं तिथेच. खरं होतं ते.

मग शून्याच्या जागी तीन.
एवढंच.

दुरुस्ती डोंगरावर पोचेतो हिदार अर्धा सरला होता.
ऐंशीव्या दिवशी मुलीचा बाप्तिस्मा झाला,
पाद्रीबाबांनी दिवस बोटांवर मोजले, बिनचूक.
नाव ठेवलं त्रुफात :
उरलेलं; उरून पुरलेलं.

आता एक ओळ राहिली आहे, वय मोजणारी.
मधल्या तीन वर्षांत ही मुलगी
केव्हा मोठी होणार, पाचला की एकला?
बिस्रातनं तिथे अजून काही लिहिलेलं नाही,
फक्त एक टीप :
आईला विचारायचं.