खाली काय होतं

सातपूर एमआयडीसी, रात्रीचे अडीच.
त्र्यंबक रोडवर एक ट्रक मघापासून रिव्हर्स घेतोय.
खैरनार सरांची डिस्क आज उतरवायची.

याद्या दोन असतात, सर सांगायचे.
एक लिहून ठेवलेली, साधी फाइल.
मशीन दाणकन बंद पडलं की ती मागे राहते,
गेलेल्यांचीही हजेरी मांडते.
दुसरी कुठेच लिहिलेली नसते.
विचारलं की कर्नल त्या क्षणी आठवून सांगतो
कुठली डिस्क, कुठल्या फांदीवर.
"दोघींचं जुळलं नाही तर दुसरीचं ऐक, वृषाली."

ऐकलं. तिच्यात होती. उतरवायला सांगितलं.
उत्तर आलं : व्यस्त आहे.
म्हणजे आत कुणीतरी बसलंय.
शोधलं, तर सरांचंच टर्मिनल,
एकोणीस दिवस उघडं,
काही न करता त्या डिरेक्टरीत नुसतं उभं.
निरोपाचा चिवडा वाटायला उठले
ते उठलेच.
आता सिन्नरला, लेकीकडे.

बंद केलं.
डिस्क सुटली, ओळ दोन्ही याद्यांतून गेली
आणि डिरेक्टरी रिकामी नव्हती.

वर डिस्क बसली की खालचं झाकतं, पुसत नाही,
हे परीक्षेत लिहिलं होतं मी, दोन मार्कांना.
खाली एक फाइल, दोन हजार अकराची :
"इथे मोठी डिस्क येणार आहे.
तोवर कुणी काही ठेवू नये.
– भा. खैरनार"

ठेवलं होतं ते त्यांनीच, हे एवढं.

तसंच राहू दिलं.
कुठल्याच यादीत त्याची ओळ नाही.
ट्रक अजून मागेच येतोय.