दोन सूत

भिशीचे वीस हजार हातात आले त्या दिवशी
गॅलरीच्या फरशीवर मी खडूने चौकोन काढला,
सव्वीस इंच बाय बावीस.
आठवडाभर त्याला वळसा घालून कपडे वाळत टाकले.
कोणी विचारलं तर सांगायचं, काही नाही, माप आहे.

टेलिफोन एक्स्चेंज सुटल्यापासून हातानेच कापतेय.
सहा पाट, चपलांचा स्टँड,
भाच्याने साभार परत केलेलं बुटकं टेबल.
रेघ सुरुवातीला सरळ असते,
मग मनगट दमतं नि करवत हळूच दाराकडे बघू लागते.
सुतावरून स्वर्ग गाठणारे गाठोत,
माझ्या टेबलाचा चौथा पाय दोन सुतांनी
अजून जमिनीला टेकत नाही.

म्हणून नागदेवी स्ट्रीट.
बेअरिंगं, पुल्या, वजनावर विकले जाणारे खिळे,
आणि हुनेदभाईंचं दुकान, जिथे आत शिरायला
आधीच्या गिऱ्हाइकाने बाहेर पडावं लागतं.
"मिस्त्रीला पाठवा ना, ताई."
मिस्त्री मीच, म्हटलं.
त्यांनी चष्मा वर केला, मग स्टूल पुढे केलं.

साडेनऊ हजारवाली. वर नुसता पत्रा,
बाजूची पट्टी कितीही आवळा, शेपूट हलवते.
एकतीसवालीची पट्टी मुकाट्याने सरकते
आणि सांगाल तिथे थांबते. तिला हात लावून घेतला, बस.
आणि एक मधली, अठरा हजार आठशे पन्नास,
खोका फाटलेला, मोटर पंधराशे वॉट.
आवाज?
"सोसायटीत भांडण होईल इतका," हुनेदभाई म्हणाले,
"पोलीस येतील इतका नाही."

साडेनऊचीच घ्यावी, असं जवळजवळ ठरलं होतं.
तेवढ्यात मागून रज्जब आला, दुकानातला जुना माणूस,
आणि त्याने उजव्या हाताची बोटं वर केली.
अडीच.
भाव नव्हता तो.

मधलीच्या पात्यामागे उभा पोलादी तुकडा,
माशाच्या पराएवढा, त्याने दाखवला.
हा चिरलेली फळी पुन्हा मिटू देत नाही, म्हणाला.
मिटली की पातं चिमटतं, फळी उलटी अंगावर येते.
काम अडतं म्हणून सगळे काढून फेकतात.
मीही फेकला होता.

साडेनऊवालीला तो तुकडाच नव्हता.

घरी आल्यावर कळलं, मशीनला जागा दोन फूट,
फळीला सोळा,
आठ पात्याच्या अलीकडे, आठ पलीकडे.
गॅलरीतला चौकोन पुसला, हॉलमध्ये काढला,
तिथला पुसून शेवटी उंबरठ्याच्या आत,
असा की चिरलेली फळी दारातून निघून
पॅसेज ओलांडून
दोन फूट तांडेलांच्या घरात.

तांडेल वहिनींशी चार वर्षं बोलणं नाही.
एका कुंडीवरून. कुंडी कोणाची ते अजून ठरलेलं नाही.
बेल वाजवली. म्हटलं,
दुपारी तीन ते चार, रविवार सोडून,
दार उघडं ठेवाल का?
त्यांनी माझ्या दारातला खडू बघितला, मग मला.
"आमच्याकडे होड्या बांधायचे," त्या म्हणाल्या,
"फळीचं टोक कुणीतरी धरायला लागतं.
खेचायचं नाही हां. नुसतं धरायचं."

खोका अजून उघडलेला नाही.
पंधरा अँपिअरचा पॉइंट बसवायला
वायरमन उद्या येतो म्हणालाय, म्हणजे परवा.
तोवर टेबलाच्या चौथ्या पायाखाली
भिशीचं रिकामं पाकीट, चार घड्या घालून.