धडा सातवा : चेहरा

उद्यमनगरात, लेथच्या दुकानावरची खोली.
खालचं यंत्र थांबलं की वर वर्ग भरतो,
साडेसातला, कधी आठला.
वह्यांना ऑइलचा वास.

मी फळ्यावर एक गोल काढते.
हा चेहरा.
ह्याला काय झालंय, ते मराठीत सांगायचं.

कपाळाला आठ्या, मी म्हणते,
आणि स्वतःच्या घालून दाखवते.
रामसुरत उठून जवळ येतो, बोटानं मोजतो.
'बाई, तीनच हायत.
मग तिन्या म्हणायचं?'
(माझ्या पुस्तकाआधी त्यानं मराठी
शिरोलीच्या कँटीनमध्ये उचललीय.)

चेहरा उतरला.
'कुठल्या स्टॉपला?' गुजरीतली शेफाली विचारते
आणि आपल्याच विनोदाला पदराआड हसते.
तोंड पडलं.
सगळे जमिनीकडे बघतात.
नाक मुरडायला शिकवणी लागत नाही,
आणि गाल फुगवायला धनमायाचा लेक आहेच,
आईला सोडत नाही म्हणून वर्गात आलेला.

हिरमुसणं मात्र अडतं.
रुसण्याच्या अलीकडचं, सांगते मी.
रंकाळ्यावर नेतो म्हणालात
आणि ऐनवेळी ओव्हरटाइम लागला,
तेव्हा दारातल्या पोराचं जे होतं, ते.
रामसुरत तो शब्द दोनदा लिहितो.
पोर त्याचं सिवानला.

मग भुवया.
नवल वाटलं की उंचावतात. उंचवा बघू सगळ्यांनी.
त्रिलोचन बेहेरा तसाच बसलेला.
फाउंड्रीत ओतकाम करतो, मागच्या बाकावर बसतो.
मी पुन्हा सांगते, जरा चढ्या आवाजात.
'उंचावल्या, बाई,' तो म्हणतो.
'भट्टीनं नेल्यात. दिसत नाहीत.
पण उंचावल्या.'

तीन महिन्यांत पहिल्यांदा मी नीट बघते :
गुळगुळीत, तुकतुकीत कातडी,
आणि तिच्याखाली काहीतरी
खरंच वर सरकलेलं.

फळ्यावरच्या गोलाच्या भुवया मी पुसून टाकते.
का, कुणास ठाऊक.

गृहपाठ : एका माणसाच्या चेहऱ्यावर पाच वाक्यं.
शुक्रवारी रात्री गॅसवर दूध ठेवून वह्या तपासायला बसते.
शेठ, मुकादम, घरमालक,
सगळ्यांच्या कपाळाला आठ्या.
एका मुकादमाला तिन्या.
त्रिलोचनचं एकच वाक्य :

'बाई हसतात तेव्हा डोळे येत नाहीत.'

लाल पेन उघडलं.
अरे, डोळे येणं म्हणजे आजार.
लाल होतात, चिकटतात,
काळा चष्मा लावून हिंडावं लागतं.
तुला म्हणायचंय
तुला असं म्हणायचं होतं की

दूध उतू गेलं.
ओटा पुसून आले तोवर
उघड्या पेनाचा ठिपका
वाक्याखाली पसरलेला.
तो तेवढाच राहू दिला.

सोमवारी वही परत दिली.
त्यानं पान उघडलं, ठिपका बघितला,
भुवया उंचावल्या.
मला दिसल्या.